पाठीमागची जागा

चेंडू तिने सोडून दिला. पाय घसरला, अंदाज चुकला, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, असं काहीच झालं नव्हतं. उजव्या खांद्यावरून आत येणारा, फारसा वेगही नसलेला चेंडू होता तो. अंग वळवून बाहेर मारणं तिला झोपेतही जमलं असतं. पण तिने मान जराशी खाली घातली, चेंडूला वाट करून दिली आणि पुढे चालू लागली. आपलं काम झालं, आता पुढचं दुसरी बघेल अशा बेताने माणूस निघतो, तशी. समोरच्या संघातल्या मुली हात वर करून धावत सुटल्या तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. चेंडू जाळीत होता. टाचणी, म्हणजे या सीझनची त्यांची नवी गोली, गोलरेषेवर होती तिथेच उभी होती. दोन्ही हात अर्धवट उचललेले. ती चेंडूकडे बघत नव्हती, सरळ हिच्याकडे बघत होती.

सामना एक-एक असा सुटला. म्हणजे उपांत्य फेरीत जायचं तर शनिवारचा शेवटचा सामना जिंकणं आलं. कपडे बदलायच्या खोलीत सर दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बूट काढा." सगळ्यांनी बूट काढल्याशिवाय ते सामन्याबद्दल एक शब्द बोलत नसत. पायात बूट आहेत तोवर खेळाडू मैदानावरच असतो, त्याला काही ऐकू येत नाही, असं त्यांचं मत होतं. कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या मुली या मताची पाठीमागे टिंगल करायच्या आणि समोर मुकाट्याने नाड्या सोडायच्या. शेवटचा बूट फरशीवर पडला तसे सर टाचणीकडे वळले.

"तू बाहेर का आली नाहीस?"

टाचणीने खाली बघितलं.

"गोलसमोरच्या बॉक्समधला असा बॉल कोणाचा?"

"गोलीचा."

"मग?"

"सर, लाइनला कोणीतरी गोंद लावून ठेवलाय," कप्तान म्हणाली. कप्तान आघाडीला खेळायची, गोल तीच करायची, आणि वातावरण तापलं की विनोद करायचं कामही तिने आपल्याकडे घेतलं होतं. एरवी हसल्या असत्या त्या मुलींनी मोजे उलटे करायला घेतले. हिच्या स्वतःच्या तोंडाशी एक वाक्य येऊन थांबलं होतं. तो बॉल मी सोडला. एवढंच. आधी नाडीची गाठ सोडवू, मग बोलू, असं तिने ठरवलं. गाठ सुटली तेव्हा सर दुसऱ्या गोष्टीवर गेले होते, आणि मग त्या वाक्याला खोलीत जागाच उरली नाही. अशी वेळ टळून गेलेली वाक्यं तिच्या ओळखीची होती. तिचं सगळं घर तसल्या वाक्यांनी भरलेलं होतं.

परतीच्या व्हॅनमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर कचेऱ्या सुटत होत्या. उंच काचेच्या इमारतींतून माणसं फुटपाथवर येत होती आणि सिग्नलपाशी एकमेकांना न बघता, न धक्का देता थांबत होती. ती स्वतःला विचारत होती, चेंडू सोडताना आपल्या मनात नेमकं काय होतं? काही नव्हतं. हेच भयंकर होतं. विचार केला असता तर चूक झाली असं म्हणता आलं असतं. पण तिच्या पाठीला माहीत होतं की मागे कोणीतरी आहे, येतंय, आलंच. अंधाऱ्या खोलीत दार कुठे आहे ते जसं कळतं, तसं. आणि ते कोणीतरी टाचणी नव्हती. आजी होती.

आजी म्हणजे आधीची गोली. वय यांच्याएवढंच, पण आवाज घोगरा, आणि खेळायच्या आधी गुडघ्याला पट्टी गुंडाळायला तिला इतका वेळ लागायचा की पहिल्याच वर्षी कप्तानने तिचं हे नाव ठेवलं. यंदाच्या तिसऱ्या सामन्यात त्याच गुडघ्यातून, ओलं कापड फाटावं तसा आवाज आला. स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलीच्या पुढ्यातली शेवटची बचावपटू म्हणून, हीच सगळ्यात जवळ उभी होती, हिने तो ऐकला. आजीला खुर्चीवर बसवून नेताना कोणालाच काय हाक मारावी ते समजेना. पुढचे काही दिवस मुली तिच्याबद्दल बोलताना नाव घ्यायचं टाळत होत्या, जणू त्या नावानेच गुडघा गेला होता. मग दुसरं नाव सुचेना म्हणून पुन्हा आजी म्हणू लागल्या. ऑपरेशन झालं, आजीने कॉलेजला यायचं बंद केलं, चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. बाकीच्या मुली तिला जाऊन भेटून आल्या. ही गेली नाही. जाऊन बोलणार काय? दोन सीझन त्या एकमेकींच्या मागेपुढे उभ्या होत्या, आणि त्यांच्यात कधी बोलण्याची गरजच पडली नव्हती. हा चेंडू माझा, तो तुझा, हे न बोलता ठरत होतं. बाकीच्या मुली मैदानभर कलकलाट करायच्या तेव्हा मागच्या टोकाला आपली दोघींची एक शांत खोली आहे, असं तिला वाटायचं. त्या खोलीत ती जेवढी निर्धास्त होती तेवढी दुसरीकडे कुठेच नव्हती. संघात तिला खांब म्हणत. उंचीमुळे म्हणत, आणि दुसऱ्याही कारणामुळे म्हणत. तिला ते नाव मनातून आवडायचं.

घरातली शांतता मात्र वेगळी होती. वडील छापखान्यात मशीनवर होते. त्या यंत्रांच्या धडधडीत वीस-बावीस वर्षं काढल्यावर त्यांचे कान हळूहळू गेले, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आधी ते "काय?" असं विचारायचे. मग विचारताना ओशाळायचे. मग विचारायचे बंद झाले आणि नुसतं हसून मान हलवायला लागले, भलत्याच ठिकाणी. पाहुण्यांनी आजारपणाची गोष्ट सांगावी आणि यांनी प्रसन्न हसावं. अशा एका प्रसंगानंतर आईने घरातलं बोलणंच कमी केलं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. जेवायला बसायचं तर आई दिवा एकदा मालवून पुन्हा लावायची. काही हवं असलं तर खांद्याला हात लावायचा, बोट दाखवायचं. वडिलांना चुकायला जागाच ठेवायची नाही, असा तो सगळा बंदोबस्त होता. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. शाळेतून आल्या आल्या बडबडणारी मुलगी होती ती, असं आई म्हणते. तिला स्वतःला ती मुलगी आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला सरांनी बचावातल्या मुलींना आणि टाचणीला बाजूला घेतलं. ते कोपऱ्यातून चेंडू आत टाकणार, ज्या मुलीने तो घ्यायचा तिने ओरडून सांगायचं. "मला इथे ऐकू आलं पाहिजे," ते म्हणाले. पहिला चेंडू आला. तिने तोंड उघडलं, "माझा" म्हणाली. तो आवाज तिच्या ओठांपासून हातभर अंतरावर पडला. सरांनी कानामागे हात धरला. दुसऱ्या वेळी ती ओरडायला गेली तर स्वर मध्येच फाटला आणि स्वतःचाच आवाज परक्याच्या घरातून आल्यासारखा वाटून तिला शरम वाटली.

"खांबाला वायर जोडा रे कोणीतरी," कप्तान पलीकडून म्हणाली.

सराव संपल्यावर चेंडू गोळा करून जाळीच्या पिशवीत भरायचं काम त्या दोघींवर आलं. टाचणी पहिल्या वर्षाला होती, काडीसारखी, हातमोजे तिला अजून मोठे व्हायचे. पिशवीचं तोंड धरून ती उभी राहिली आणि चेंडू टाकला जाताना सरळ विचारलं, "काल तू तो कोणासाठी सोडलास?"

हिने दुसरा चेंडू उचलला.

"मला माहितीये कोणासाठी," टाचणी म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत होते. तू इतकी आरामात निघून गेलीस की मला वाटलं माझ्या मागे अजून एक गोली उभी आहे. खरंच वळून बघितलं मी."

"चुकलं."

"चुकलं असेल. पण मी तिच्यासारखी नाहीये. मी लाइनवर राहते. मला बाहेर यायची भीती वाटते, अंगावर येतात सगळ्या. कोणी सांगितलं तर येईन. तू एक शब्द बोलत नाहीस. माझ्याशी तर नाहीच. तुझ्या मनात काय चाललंय ते मी काय पाठीवरून वाचू?" तिने पिशवीची दोरी ओढली. "शनिवारी मी खेळत नाही. सरांना सांगणारे, कप्तानला घाला गोलमध्ये. उंच आहे, घाबरतही नाही."

"मग गोल कोण करणार?"

"ते तुम्ही बघा. हरलो तर निदान माझ्यामुळे नाही," असं म्हणून टाचणी पिशवी ओढत निघाली. पिशवी तिच्यापेक्षा जड दिसत होती. पुढे होऊन एक टोक धरावं असं हिला वाटलं, आणि नुसतं वाटलं.

चष्म्याच्या दुकानात ती गेली ती काही ठरवून नाही. बाजाराच्या रस्त्याने चालत असताना काचेपलीकडे आजी दिसली, आणि पाय आत वळले. आजी स्टुलावर बसली होती, पाय दुसऱ्या स्टुलावर सरळ ठेवलेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काडी गरम हवेच्या यंत्रापुढे धरून ती वाकवत होती. "आता बघा काका, कानामागे टोचतंय का?" ती म्हणाली, आणि हिला क्षणभर कळेना की हे बोललं कोण. स्वच्छ, जरा उंच, घासून पुसून ठेवल्यासारखा आवाज. म्हातारे गेल्यावर आजीने हिला पाहिलं.

"या. खांब उपटून इथवर आला म्हणजे काहीतरी बिनसलंय."

"तुझा आवाज," ती म्हणाली.

"काय झालं त्याला?"

"बदललाय."

"बदलला नाही, सुटला. ऑपरेशननंतर महिनाभरात सुटला. आई म्हणाली, अगं हा तर तुझा शाळेतला आवाज." आजी हसली. "दोन सीझन घसा बसलेला होता माझा. तुझ्यापायी."

"माझ्यापायी?"

"मग कोणापायी? खांब सोड. खांब मार. खांब उजवीकडे. खांब, आले. मॅचभर. मॅच झाली की रात्री मी गरम पाणी पीत बसायचे, दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी द्यायला आवाज नसायचा." तिने हिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. "तुला आठवत नाही?"

तिने आठवून पाहिलं. मैदान आठवलं. गवताचा वास, चेंडूची सावली, पाठीवरचं ते ऊबदार जाणवणं की मागे कोणी आहे. सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. एखाद्या चित्रातला एकच रंग कोणीतरी पुसून नेलेला असावा, तसं.

"मला वाटायचं आपल्याला न बोलता कळतं," ती म्हणाली.

"तुला न बोलता कळायचं," आजी म्हणाली. "मला बोलून बोलून."

ती रागावलेली नव्हती. काउंटरवरचे नमुन्याचे चष्मे सरळ करत ती सांगत राहिली की हिला एकदा सांगितलं की ही वळूनसुद्धा बघायची नाही, बरोबर तेच करायची, आणि इतकं ऐकणारी स्टॉपर कोणाला मिळते. हिला ते पुरतं ऐकू येत नव्हतं. जिला आपण आपली शांत खोली समजत होतो तिथे एक मुलगी सतत ओरडत होती. आपण तिचा घसा वापरला आणि तो आपल्याच पाठीचा गुण समजलो. दुकानातून निघताना गुडघ्याची चौकशी करायची राहिलीच, हे कोपऱ्यावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती परत फिरली, दार ढकलून आत डोकं घातलं आणि विचारलं, "गुडघा कसाय?" "वाकतोय," आजी म्हणाली, "बस जरा, एवढी घाई काय." मग ती बसली, दुकान बंद होईपर्यंत. एका गिऱ्हाइकाला आरसासुद्धा धरला.

त्या रात्री जेवताना ती आईकडे बघत होती. दिवा मालवणं, पुन्हा लावणं, ताट सरकवणं, वडिलांच्या नजरेसमोर येईल असा तांब्या ठेवणं. ही शांतता आपोआप साठलेली नाही, एक बाई ती रोज हाताने करते आहे, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. "बाबा, मीठ इकडे द्या," ती मोठ्याने म्हणाली. आईचा हात हवेत राहिला. वडिलांनी दचकून तिच्याकडे बघितलं, मग मिठाची बरणी उचलून तिच्यापुढे ठेवली.

"ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "मी काय शेजारच्या घरात बसलोय?" पण जेवण होईपर्यंत ते अधूनमधून तिच्याकडे बघत राहिले, आणि हात धुवायला उठताना स्वतःहून, जरा जास्तच मोठ्याने, म्हणाले, "शनिवारी खेळ आहे ना तुझा? कोणाशी?" तिने सांगितलं. त्यांना कळलं की नाही, ते तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होती आणि नेहमीपेक्षा खूपच कमी आवाज करत होती.

शुक्रवारी सरांनी कप्तानला गोलीचे हातमोजे दिले. टाचणी बाजूच्या बाकावर बसली होती, सुटका झाल्यासारखी आणि तरीही नाक लाल. ही सरांसमोर जाऊन उभी राहिली. पायात बूट होते.

"सर, टाचणीला खेळवा. त्या दिवशीचा बॉल मी सोडला होता."

"आज सांगतेस?"

"हो."

सरांनी तिच्या पायांतल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. पण तिची लाइन सुटत नाही हे तर खरं आहे?"

"मी बोलावीन तिला."

"तू?"

"खांब बोलणार?" कप्तान हातमोजे काढत म्हणाली. "तिकीट लावू या सर, कॉलेजचं मैदान भरेल." यावेळी सगळ्या हसल्या, टाचणीसुद्धा, नाक पुसत. पण हसून झाल्यावर तिने हिच्याकडे असं बघितलं, जणू शब्द दिलायस, आता तो पाळायचा.

शनिवारी ती पहिल्या मिनिटापासून बोलू लागली. सुरुवातीला तिचं सगळं लक्ष स्वतःच्या आवाजावरच होतं आणि त्यामुळे पायांकडे दुर्लक्ष होत होतं. "डावीकडे. पुढे हो. थांब." शब्द साधे होते, पण प्रत्येक शब्द बाहेर काढताना जड कपाट सरकवल्यासारखं वाटत होतं. हळूहळू ते सरकायला लागलं. मग अर्ध्या वेळेच्या जरा आधी उजवीकडून एक उंच चेंडू आला. तो आपल्या डोक्यावरून जाणार हे तिला दिसलं, आणि ती ओरडली, "टाचणी, ये." टाचणी आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा रेषा सोडून ती अंगांच्या गर्दीत घुसली, उडी मारली, आणि चेंडू तिच्या बोटांना लागून समोरच्या मुलीच्या पायाशी पडला. रिकाम्या गोलमध्ये तो ढकलायला कोणीही पुरलं असतं.

टाचणी गुडघ्यांवर होती. हातमोज्यांवर चुना लागला होता. सर बाजूला पाठ फिरवून उभे होते. ही तिच्याजवळ गेली. पूर्वी गेली असती तर खांद्याला हात लावून परतली असती.

"उशिरा बोलावलं मी," ती म्हणाली. "तू बरोबर आलीस, मी उशीर केला. पुढच्या वेळी आधी सांगते."

"पुढच्या वेळी पण बोलावणारेस?"

"हो."

"परत सुटला तर?"

"तर परत सुटेल."

टाचणीने तिच्याकडे बघितलं, शहाणी माणसं वेड्याकडे बघतात तसं, आणि उठली.

दुसऱ्या अर्ध्यात हिने टाचणीला कितीदा बोलावलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. एकदा चेंडू मुठीने लांब गेला. एकदा दोघी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू कसाबसा बाहेर गेला. "आता दोघी मिळून एकीचं काम करताय," कप्तान ओरडली. एकदा टाचणीने तो हवेतच छातीशी धरला आणि धरून ठेवला, रेफरीने खूण करेपर्यंत, जणू कोणी परत मागेल. कप्तानने एक गोल फेडला. दुसरा गोल मात्र झाला नाही. शेवटचा चेंडू दांड्याला लागून बाहेर गेला, शिट्टी वाजली, आणि सीझन संपला. एक-एक. उपांत्य फेरीत दुसरं कॉलेज गेलं.

खोलीत सरांनी बूट काढायला सांगितलं नाही. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "जा घरी. सोमवारी जर्सी धुऊन आणा." जाता जाता कप्तानच्या डोक्यावर टपली मारली. कप्तान रडत होती. ती रडते हे कोणाला माहीतच नव्हतं. टाचणीने हातमोजे उलटे करून पिशवीत टाकले. ही बाकावर तिच्या शेजारी बसली होती. मैदानावर इतका वेळ इतके शब्द बोलून झाले होते, आणि त्यातला एकही खेळाच्या बाहेरचा नव्हता.

"तू राहतेस कुठे?" तिने विचारलं.

टाचणीने पिशवीची चेन लावता लावता हात थांबवला. "चेष्टा करतेस का?"

"नाही."

"तुझ्या पुढच्या स्टॉपवर. पाण्याच्या टाकीपाशी. रोज एकाच बसने येतो आपण."

"आपण?"

"तू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतेस आणि काचेतून बाहेर बघतेस. मी तुझ्या मागेच असते. पहिल्या आठवड्यात हाक मारली होती, तू वळली नाहीस. मला वाटलं, आवडत नसेल. नंतर नाही मारली."

तीन महिने, सकाळ-संध्याकाळ, मागच्याच सीटवर. ती टाचणीकडे बघत राहिली. घामाने चिकटलेले केस, हनुवटीवर खरचटलेलं, एक कान जरा पुढे आलेला. मग उठून तिने पिशवीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघी बाहेर पडल्या. स्टॉपवर पोचल्या तेव्हा बस उभीच होती. ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. ती सवयीने तिथे गेली, खिडकीशी सरकली, आणि टाचणी शेजारून पुढे जाऊन मागच्या सीटवर बसायला लागली, तीही सवयीनेच.

"टाचणी," ती म्हणाली. आवाज मैदानाच्या मापाचाच निघाला. अर्धी बस वळून बघायला लागली. "ही सीट कोणासाठी ठेवलीय? इकडे ये."